गंधकाची शिबंदी

१८४७ च्या ४ नोव्हेंबरला एडिंबरोमधल्या क्वीन स्ट्रीटवरच्या घरात रात्रीची जेवणं आटोपली. मग डॉ. जेम्स यंग सिम्प्सन आणि त्यांचे दोन सहकारी, कीथ आणि डंकन, पेल्यांत ओतलेला गोडसर वासाचा एक द्रव हुंगू लागले. थोड्याच वेळात तिघेही जमिनीवर आडवे झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांना कळून चुकलं की बाळंतपणाच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेदना थांबवणारं औषध आपल्या हाती लागलं आहे. आठवड्याभरात सिम्प्सन यांनी या द्रवाची, म्हणजे क्लोरोफॉर्मची, हकीकत डॉक्टरांच्या सभेत मांडली आणि पाहता पाहता ते जगभर पसरलं.

पण मधूनमधून भूल दिलेले रोगी टेबलावरच दगावत. आधी हृदय थांबतं की आधी श्वास, यावर मोठा वाद माजला. तो सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत निजामाच्या खर्चाने दोन आयोग बसले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तिथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांनी पुढाकार घेतला. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. हृदय पाहिलं, श्वास मोजला. यकृत कोणी विचारातच घेतलं नाही, कारण टेबलावरचा मृत्यू डोळ्यांसमोर होत होता. यकृतामुळे येणारा मृत्यू काही दिवसांनी, घरी किंवा वॉर्डात येत असे.

त्याकडे १८९४ मध्ये लेनर्ड गथ्री या डॉक्टरांनी लक्ष वेधलं. शस्त्रक्रिया नीट पार पडलेली मुलं भुलेतून जागी होत, घरची माणसं सुटकेचा श्वास टाकत. मग उलट्या सुरू होत, मूल बरळू लागे, कधी डोळे पिवळे पडत आणि काही दिवसांत सगळं संपे. शवविच्छेदनात यकृत चरबीने भरलेलं दिसे. मोठ्यांमध्येही असं घडत होतं. पुढच्या काही वर्षांत डॉक्टरांना एक शंका येऊ लागली. शस्त्रक्रियेआधी ज्यांना फार काळ उपाशी ठेवलं जातं किंवा जे मुळातच खंगलेले असतात, त्यांच्यावर हे संकट जास्त येतं का? म्हणजे विष तेच, मात्रा तीच, आणि जगायचं की मरायचं हे मात्र पोटात आधी काय गेलं होतं यावर ठरतं का?

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा तोवर सापडलेलाही होता. सापडला होता कुत्र्याच्या मूत्रात, आणि तो यकृताशी जोडावा असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. १८७९ मध्ये बर्लिनमध्ये ऑयगेन बाउमान आणि प्रॉयसे यांनी कुत्र्यांना ब्रोमोबेंझीन हे विषारी रसायन खाऊ घातलं. त्याच वर्षी क्योनिग्सबर्गमध्ये माक्स याफे यांनी त्याचं भावंड क्लोरोबेंझीन वापरून तसाच प्रयोग केला. दोन्हीकडे मूत्रातून जे बाहेर पडलं ते नुसतं रसायन नव्हतं. त्याला गंधक असलेला एक तुकडा चिकटलेला होता. आज आपल्याला ठाऊक आहे की तो तुकडा म्हणजे सिस्टीन हे अमिनो आम्ल, वर ॲसिटिलची एक छोटी शेपटी लावलेलं. या पदार्थांना मर्कॅप्टुरिक आम्लं असं नाव मिळालं. शरीर स्वतःजवळचं गंधक खर्च करून विषाला बांधतं आणि बाहेर घालवतं, एवढं त्या निरीक्षणातून स्पष्ट दिसत होतं. हा शोध पुढे जवळजवळ शंभर वर्षं रसायनशास्त्राच्या ग्रंथांत पडून राहिला. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याच गोष्टीची.

इथे दोन नावं नीट ओळखून घेऊ. आपल्या अन्नातल्या वीसएक अमिनो आम्लांपैकी गंधक असलेली मुख्यतः दोन. एक सिस्टीन, त्याचे दोन रेणू जोडले गेले की होणाऱ्या जोडीला सिस्टाईन म्हणतात, आणि ही जोडी विल्यम वोलॅस्टन यांना १८१० मध्येच मूतखड्यात सापडली होती. दुसरं मेथिओनीन. ते न्यूयॉर्कमध्ये जंतू वाढवण्याच्या खटपटीत असलेल्या जॉन हॉवर्ड म्युलर यांच्या हाती १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांत आलं, आणि १९२८ मध्ये एडिंबरोच्या जॉर्ज बार्जर यांनी आपल्या सहकाऱ्यासह त्याची रचना उलगडली. मेथिओनीन शरीराला तयार करता येत नाही, ते खाऊनच मिळवावं लागतं. यकृत मग त्याच्यातलं गंधक काढून सिस्टीन बनवतं. आपल्याकडच्या डाळींत मेथिओनीन बेताचंच असतं. ज्वारी-बाजरी, तांदूळ, तीळ, दूध, अंडी यांतून ती उणीव भरून निघते. वरण-भाताच्या जोडीमागचं एक कारण हेही आहे.

या सिस्टीनपासून पेशी काय घडवतात, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये दाखवलं. यीस्ट, स्नायू आणि यकृत यांतून त्यांनी एक गंधकयुक्त पदार्थ वेगळा केला आणि त्याला ग्लुटाथायोन म्हटलं. त्यात ग्लुटामिक आम्ल आणि सिस्टीन अशी दोनच अमिनो आम्लं आहेत असा त्यांचा समज होता. इतरांनी हरकत घेतल्यावर त्यांनी काम पुन्हा तपासलं आणि ज्या १९२९ साली त्यांना जीवनसत्त्वांसाठी नोबेल मिळालं, त्याच साली जाहीर केलं की त्यात ग्लायसीन हे तिसरंही आहे. जगमान्यता मिळत असताना आपलंच म्हणणं दुरुस्त करणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. ग्लुटाथायोन जवळपास प्रत्येक पेशीत असतं आणि त्याचे सर्वांत मोठे साठे यकृतात असतात. ते तिथे कशासाठी, हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

मधल्या काळात पहिल्या महायुद्धाने रासायनिक काविळीचा प्रश्न कारखान्यांत आणून ठेवला होता. ब्रिटनमध्ये पुरुष आघाडीवर गेले आणि तोफगोळ्यांत टीएनटी हे स्फोटक भरण्याचं काम हजारो स्त्रियांच्या हाती आलं. टीएनटी कातडीतून शरीरात शिरतं. हात, चेहरा, केस पिवळे पडत, म्हणून लोक त्यांना कॅनरी पक्ष्यांच्या नावाने ओळखत. बहुतेकींचा तो रंग वरवरचाच होता. काहींची मात्र खरोखरची कावीळ होती. आतून यकृत मरत होतं. ॲग्नेस लिव्हिंगस्टन-लर्मंथ आणि बार्बरा कनिंगहॅम या दोन स्त्री डॉक्टरांनी १९१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या कामगार स्त्रियांची लक्षणं सविस्तर मांडली. युद्ध संपेपर्यंत अशा विषारी काविळीच्या सुमारे ४०० रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले १०० हून अधिक मृत्यू पावले. एकाच शेडमध्ये, एकच काम करणाऱ्या दोघींपैकी एक खंगून जाई आणि दुसरी धडधाकट राही. क्लोरोफॉर्मच्या वेळचाच प्रश्न इथे पुन्हा उभा राहत होता.

त्याला सरळ हात घातला अमेरिकेत, रॉचेस्टर इथे, जॉर्ज व्हिपल यांनी. पांडुरोगावर यकृताचा आहार उपयोगी पडतो या संशोधनासाठी १९३४ चं नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी ते एक. क्लोरोफॉर्मने होणाऱ्या यकृताच्या नाशावर त्यांनी तरुणपणी, १९०९ मध्येच, काम केलं होतं. उतारवयाकडे झुकताना ते पुन्हा तिकडे वळले. लिऑन मिलर या सहकाऱ्यासह त्यांनी कुत्र्यांना आठवडेच्या आठवडे प्रथिनं नसलेल्या अन्नावर ठेवलं. अशा रिकाम्या झालेल्या कुत्र्याला पाव तासाची हलकी भूलसुद्धा मारक ठरू शके. नीट खाल्लेला कुत्रा त्याहून कितीतरी जास्त सोसे. आदल्या दिवशी प्रथिनांचं भरपूर जेवण दिलं तर खंगलेलं जनावरही वाचत होतं. मग त्यांनी प्रथिनांतली अमिनो आम्लं सुटी करून पाहिली. १९४० मध्ये त्यांनी लिहिलं की संरक्षण देतात ती दोनच, मेथिओनीन आणि सिस्टाईन. म्हणजे गंधकवाली.

दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. भूल देऊन झाल्यानंतरही काही तासांच्या आत मेथिओनीन दिलं तर यकृत वाचतं. विष आत शिरल्यावरही थोडा अवधी शिल्लक असतो, हे त्या प्रयोगशाळेतल्या मुक्या जनावरांनी आपल्या जिवावर शिकवलं. त्यांची किंमत विसरून हा इतिहास सांगू नये असं मला वाटतं.

दुसरं महायुद्ध सुरू होतं, टीएनटीचे कारखाने पुन्हा धडधडत होते. ब्रिटिश डॉक्टरांनी मेथिओनीन मोठ्या आशेने हाती घेतलं. टीएनटीची कावीळ, कार्बन टेट्राक्लोराइडची विषबाधा, सैन्यात पसरलेली साथीची कावीळ, सगळीकडे ते वापरून पाहिलं गेलं. साथीच्या काविळीवर त्याचा काही उपयोग झाला नाही. तो विषाणूचा रोग; तिथे बांधायला रसायनच नव्हतं. लंडनमध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ आणि एल. ई. ग्लिन यांनी त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट पाहिली. त्यांच्या उंदरांना कोणतंच विष दिलेलं नव्हतं. नुसत्या निकृष्ट, प्रथिनं कमी असलेल्या आहारावरच काहींचं यकृत अचानक मोठ्या प्रमाणावर मरून गेलं, आणि मेथिओनीन दिलं की ते टळत होतं. गंधकी अमिनो आम्ल नाही म्हणून यकृत मरतं, असा निष्कर्ष १९४४ मध्ये पक्का वाटू लागला.

तो पुरता खरा नव्हता. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या क्लाउस श्वार्ट्झ यांनी वर्षानुवर्षं त्याच उंदरांच्या यकृताचा पाठपुरावा केला आणि १९५७ मध्ये दाखवलं की त्या आहारात खरी उणीव होती सेलेनियमची. आधीच्या प्रयोगांत सिस्टाईनचा जो गुण आला, त्यात त्याच्यासोबत नकळत गेलेल्या सेलेनियमच्या सूक्ष्म अंशाचा हात होता. मेथिओनीनची सद्दी तिथेच संपावी असं हे संशोधन होतं. पण पुढे १९७३ मध्ये कळलं की शरीरात सेलेनियम ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) केंद्रस्थानी बसतं तो विकर काम करतो ग्लुटाथायोनच्या जोरावर. दोन वाटा फिरून एकाच चौकात आल्या होत्या.

याच सुमारास रोज घराघरांत घेतल्या जाणाऱ्या एका गोळीने प्रश्न निकडीचा केला. पॅरासिटॅमॉल तसं जुनं. १८९३ मध्ये जर्मनीत त्याचा रुग्णांवर उपयोग झाला होता. ते विस्मृतीत गेलं, आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रोडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. १९५० च्या दशकात ते ॲस्पिरीनपेक्षा सौम्य म्हणून बाजारात रुळलं. १९६६ मध्ये एडिंबरोच्या डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांनी कळवलं की एकदम जास्त गोळ्या घेतलेले दोन रुग्ण यकृत मरून दगावले. वर्णन वाचताना गथ्रींची मुलं आठवतात. पहिल्या दिवशी मळमळ, मग बरं वाटल्यासारखं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ व बेशुद्धी.

याचं कारण शोधलं गेलं ते ब्रोडी यांच्याच प्रयोगशाळेत, आता वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे. त्यांच्या हाताखालची माणसं तोवर दुसऱ्याच एका विषाने यकृत कसं मरतं हे तपासत होती. ते विष होतं ब्रोमोबेंझीन, बाउमान यांनी १८७९ मध्ये कुत्र्यांना दिलेलंच! जेरी मिचेल, डेव्हिड जॉलो आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये पॅरासिटॅमॉलवरचे चार निबंध एका पाठोपाठ प्रसिद्ध केले. गोळीतलं औषध स्वतः घातक नाही. त्याचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोडा भाग मात्र यकृतातलेच विकर एका अत्यंत चिकट, जहाल पदार्थात बदलतात. त्याला पुढे नॅपक्वी असं आद्याक्षरी नाव मिळालं. ग्लुटाथायोन आपल्या सिस्टीनमधल्या गंधकाने त्याला पकडतं आणि जोडी मूत्रातून मर्कॅप्टुरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते. क्लोरोफॉर्मचंही तसंच. यकृत त्यातून फॉस्जीन तयार करतं, पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला तोच वायू, आणि त्यालाही ग्लुटाथायोनच आवरतं.

मिचेल यांच्या उंदरांनी एक आकडा दिला. ग्लुटाथायोनचा साठा मूळच्या तीस टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत यकृताला काही होत नाही. त्याखाली गेला की नॅपक्वी पेशींच्या प्रथिनांनाच चिकटतं आणि पेशी मरू लागतात. गडाला वेढा पडला म्हणून गड पडत नाही; आतला दाणागोटा संपला आणि शिबंदी गळाली की एका रात्रीत पडतो. आधीपासून उपाशी असलेल्या उंदराच्या यकृतातली ही रसद एक-दोन दिवसांत निम्म्यावर येते. रॉचेस्टरचे खंगलेले कुत्रे पाव तासाच्या भुलेने का मरत होते आणि आदल्या रात्रीच्या जेवणाने का वाचत होते, याचं उत्तर तेहतीस वर्षांनी असं मिळालं.

मग प्रश्न राहिला तो रुग्णाला रसद वेळेत पोचवायची कशी एवढाच. ग्लुटाथायोन जसंच्या तसं दिलं तर पेशींत नीट शिरत नाही. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७४ मध्ये सिस्टामीन हे सिस्टीनसारखंच गंधकयुक्त रसायन शिरेतून दिलं. यकृतं वाचली, पण रुग्णांना उलट्यांनी आणि ग्लानीने हैराण केलं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या विषबाधा केंद्राने १९७६ मध्ये तोंडावाटे मेथिओनीन दिल्याचे अनुभव छापले. व्हिपल यांची अमिनो आम्लं माणसांपर्यंत पोचली होती. मेथिओनीन स्वस्त होतं, सुरक्षित होतं. अडचण अशी की उलट्या करणाऱ्या रुग्णाच्या पोटात ते टिकत नसे, आणि त्याचं सिस्टीन करण्याचं काम आधीच जायबंदी झालेल्या यकृतावर पडे.

प्रेस्कॉट यांनी मग एन-ॲसिटिलसिस्टीन निवडलं. छातीतला चिकट कफ पातळ करायला ते औषध आधीपासून वापरात होतं. सिस्टीन आणि त्यावर ॲसिटिलची शेपटी. बाउमान यांच्या कुत्र्यांच्या मूत्रात विषाला चिकटून बाहेर आलेला तुकडा हाच होता. १९७७ मध्ये पहिले निकाल आले, १९७९ मध्ये शंभर रुग्णांचा अहवाल. गोळ्या घेतल्यापासून दहा तासांच्या आत ज्यांना हे औषध शिरेतून मिळालं अशा ६२ जणांपैकी यकृताला गंभीर इजा झाली एकालाच. दहा तासांनंतर उपचार सुरू झालेल्या ३८ जणांपैकी २० जणांना ती झाली. नुसत्या आधाराच्या उपचारांवर राहिलेल्या पूर्वीच्या ५७ जणांपैकी ३३ जणांना. वैद्यकात इतका निखळ फरक क्वचित दिसतो. आज जगभर आणि आपल्याकडच्या रुग्णालयांतही पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवर दिलं जाणारं औषध हेच.

एवढं वाचून प्रथिनं म्हणजे यकृताचं कवच असं कोणी ठरवू नये. त्याविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच देशातला, आणि पुन्हा हैदराबादचाच आहे. तिथल्या पोषण प्रयोगशाळेत टी. व्ही. माधवन आणि डॉ. सी. गोपालन यांनी भुईमूग-मक्याच्या बुरशीत तयार होणारं अफ्लाटॉक्सिन उंदरांना दिलं. १९६५ च्या निबंधात दिसलं की कमी प्रथिनांवरच्या उंदरांच्या यकृताला लगेचची इजा जास्त होते. १९६८ मध्ये मात्र त्यांनी लिहिलं की दीर्घकाळ थोडं थोडं विष दिलं तर यकृताच्या गाठी आल्या त्या भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांना. ५ टक्के प्रथिनांवरचे उंदीर त्यापासून सुटले. कारण विषाला जहाल करणारे विकरही शेवटी प्रथिनंच असतात. तेही चांगल्या आहारावर पोसले जातात. कार्बन टेट्राक्लोराइडच्या बाबतीत लंडनमध्ये मॅक्लीन यांनी १९६६ मध्ये हाच अनुभव घेतला होता, प्रथिनं तोडलेले उंदीर उलट जास्त तगले.

तरीही उपासमार हे विषावरचं औषध नाही. १९७४ च्या हिवाळ्यात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला बुरशीचा मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. सुमारे ४०० माणसं काविळीने आजारी पडली, १०० च्या वर गेली. हैदराबादच्याच संस्थेने त्या साथीचा तपास केला. त्या घरांत यकृताची रसद आधीच आटलेली असणार आणि ताटात दुसरं काही वाढायला नव्हतं. आहार आणि विष यांचा संबंध प्रयोगशाळेबाहेर तपासायचा तर तो अशा घरांत तपासावा लागतो.

आता वाचकांना काही सांगायचं आहे. यकृताची ‘सफाई’ करणाऱ्या भुकट्या आणि ग्लुटाथायोनच्या गोळ्या बाजारात खूप आहेत. नेहमीचं चौरस जेवण जेवणाऱ्या निरोगी माणसाला त्यांची गरज नाही. धोका असतो तो तापात दिवसेंदिवस काही न खाता, किंवा रोजच्या दारूवर, गोळ्यांवर गोळ्या घेत राहण्यात. प्रौढांसाठी पॅरासिटॅमॉलची दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम आहे, आणि सर्दी-तापाच्या, अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही तेच असतं. वेष्टनावरची नावं वाचून बेरीज करा. खंगलेल्या माणसाला, वृद्धाला, लहान मुलाला डॉक्टरांना विचारूनच द्या. आणि घरात कोणी चुकून किंवा मनाच्या वाईट अवस्थेत जास्त गोळ्या घेतल्या असतील, तर त्याला बरं वाटतंय म्हणून थांबू नका. पहिला दिवस फसवा असतो. त्याच्यावर रागावू नका, जाब विचारू नका. गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या आणि लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. औषध आठ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं, आणि उशीर झाला असेल तरीही जायलाच हवं.